निळी मावशी आणि चिवड्याचे चिमटे

डोळे मिटा बरं क्षणभर. मिटलेत? आता असं समजा की तुम्ही एका तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे आहात. कुंपणापलीकडे काळाभोर डांबरी ट्रॅक आहे, दोन्ही बाजूंना गवत आहे, आणि हवेत पेट्रोलचा आणि भाजलेल्या कणसांचा वास मिसळलाय. लांबून एक आवाज येतोय. आधी माशीसारखा, मग भुंग्यासारखा, मग असा की तुमची छातीच आतून कुणीतरी वाजवतंय. वळणावरून छोट्या छोट्या गाड्या येतात, लाल, हिरव्या, पिवळ्या. आणि त्यांच्या मागून, अख्खा दिवाणखाना चाकांवर बसवावा तशी एक लांबलचक निळी गाडी!

आता सांगा, तिला बघून तुम्ही हसाल की टाळ्या वाजवाल?

घाई नको. या प्रश्नाचं उत्तर द्यायला मोठ्या माणसांनाही साठ वर्षं लागली आहेत. आपण सावकाश जाऊ. डोळे उघडा आणि मैत्रीला भेटा.

मैत्री अकरा वर्षांची आहे. व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला राहते. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती आहेत आणि त्यांच्या पोटात हजारो कॉम्प्युटर दिवसरात्र चालतात. कॉम्प्युटर चालले की तापतात. त्यांना गार ठेवणाऱ्या यंत्रणेवर मैत्रीची आई, संघमित्रा, काम करते. ती मूळची नागपूरची. त्यामुळे उष्णतेशी तिचं जुनं भांडण आहे असं मैत्रीचे बाबा, राकेश, म्हणतात. बाबा सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांना गाड्यांमधलं काही कळत नाही, पण डबे भरण्यात त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही.

आणि घरातली चौथी म्हणजे निळी मावशी. ही माणूस नाही, गाडी आहे. १९६३ सालची अमेरिकन सेडान. पुढचं तोंड रुंद, मागची शेपटी लांब, आणि मधे एवढी जागा की आजूबाजूची सगळी मुलं एकदम बसतील. आईनं ती एका शेतकऱ्याच्या कोठारातून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. आईनं आणि मैत्रीनं मिळून ती उभी केली. गॅरेजमध्ये शिरताना ती दोन्ही भिंतींना घासल्यासारखी हळूच आत यायची, मुक्कामाला आलेल्या मावशीनं पिशव्या सांभाळत दारातून यावं तशी. म्हणून नाव पडलं मावशी. आई तिला जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पळवायची.

त्या शर्यतीत बहुतेक गाड्या युरोपातल्या असायच्या. चपळ, हलक्या, देखण्या. पार्किंगमध्ये मावशी आली की कुणीतरी म्हणायचंच, "घरसामानाचा ट्रक आला, सामान उतरवा!"

सगळ्यात जास्त चिडवायचा परीक्षित. तो मैत्रीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याचे बाबा म्हणजे शंतनूकाका पुण्याचे, अ‍ॅशबर्नमध्येच राहणारे. त्यांची एक छोटी लाल इटालियन गाडी होती. इंजिन पाठीमागे, आकार एवढासा की परीक्षित म्हणायचा, ती मावशीच्या डिकीत मावेल. पण पुढे लगेच म्हणायचा, "अँड स्टिल वी आर फास्टर इन द कॉर्नर्स. तुमचा फ्रीज कसा आहे, मैत्री?"

"शी इज नॉट अ फ्रीज."

"दार उघडलं की लाइट लागतो. मोठा आहे. जड आहे. फ्रीज."

मैत्रीला राग यायचा. पण खरं सांगायचं तर, वळणावर मावशी एका अंगावर कलली की तिलाही वाटायचं, परीक्षित अगदीच चूक नाहीये.

मे महिन्यात एक बातमी आली आणि घरात धमाल उडाली. इंग्लंडमध्ये हॉलोमियर नावाच्या गावी जुन्या गाड्यांचा मोठा उत्सव भरतो. तिथल्या सेडान गाड्यांच्या शर्यतीत वर्षानुवर्षं फक्त युरोपातल्या गाड्या घ्यायचे. यंदा पहिल्यांदा अमेरिकन गाड्यांना जागा द्यायचं ठरलं होतं. आईनं अर्ज केला होता. उत्तर आलं की मिस्टर हॅलिवेल नावाचे गृहस्थ जूनमध्ये स्वतः येतील, गाडी उघडून बघतील, तिची शर्यत बघतील, आणि मग होय की नाही ते सांगतील.

"आई, वी आर गोइंग टू इंग्लंड?" मैत्री सोफ्यावर उड्या मारत होती.

"आधी मावशी जाईल. मग आपण. आणि तेही ते हो म्हणाले तर. या हॅलिवेलसाहेबांनी बारा वर्षं अमेरिकन गाड्यांच्या विरोधात मत दिलंय म्हणे."

"व्हाय?"

मग आईनं तिला ती गोष्ट सांगितली. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये सेडान गाड्यांच्या शर्यतीत जॅग्वारचा दबदबा होता. १९६३ साली तिथे एक अमेरिकन सेडान आली. लोक हसले. एवढं धूड सरळ रस्त्यावर पळेल फार तर, वळण आलं की गवतात जाऊन बसेल. आणि ते धूड पहिल्याच शर्यतीत जिंकलं! हसणारे गप्प झाले. मग कुणी चिडलं, कुणी म्हणालं हे काही खरं रेसिंग नव्हे, नुसती इंजिनाची दांडगाई. पुढे बरीच वर्षं जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये तसं म्हणणारे होतेच.

"आणि आता?"

"आता तिकडच्या प्रेक्षकांना त्या आवडायला लागल्यात. वळणावर घसरतात, सरळ रस्त्यावर गरजतात. मजा येते ना यार! पण हॅलिवेलसाहेबांना आवडतात का, ते माहीत नाही."

आता, मुलांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मावशीला एक खोड होती. ऊन कडक असलं आणि पळून आल्यावर इंजिन बंद केलं, की ती परत सुरू व्हायला नखरे करायची. का? टाकीतलं पेट्रोल एका धातूच्या बारीक नळीतून इंजिनाकडे जातं. ती नळी तापलेल्या इंजिनाच्या अगदी शेजारून जाते. गाडी पळत असते तोवर वारा लागतो आणि ताजं पेट्रोल वाहत राहतं, त्यामुळे नळी फार तापत नाही. गाडी थांबली की दोन्ही थांबतं. मग आतलं पेट्रोल चहाच्या आधणासारखं उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंपाला वाफ काही ढकलता येत नाही. इंजिन उपाशी राहतं.

यावर आईकडे नागपुरी उपाय होता. तिचे वडील मे महिन्यात त्यांच्या अँबॅसडर गाडीच्या इंजिनातल्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे. ओलं फडकं वाळता वाळता उष्णता घेऊन जातं. हाताला पाणी लावून फुंकर मारून बघा, लगेच कळेल. तर आई मावशीच्या नळीवर ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळायची, आणि ती सुटू नये म्हणून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीनं लावायची. चकचकीत इंजिनावर चिमट्यांची रांग! फडकं ओलं करणं आणि चिमटे लावणं हे मैत्रीचं काम. गाड्यांच्या रांगेत उभं असतानाही ती ते डोळे मिटून करू शकायची.

पण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी काय झालं, ऐका.

तुमच्या घरी पाहुणे येणार असले की काय होतं? सोफ्यावरचे कपडे कपाटात कोंबले जातात, टेबलावरचा पसारा पलंगाखाली जातो, आणि दिवाणखाना असा दिसायला लागतो की जणू तिथे कुणी राहतच नाही. मैत्रीच्या घरी हे सगळं मावशीच्या बाबतीत झालं. आई आणि बाबांनी मिळून इंजिन पुसलं. नळ्या घासल्या. रंग उडालेलं झाकण काळं केलं. आणि मग आई म्हणाली, "मैत्री, ते चिमटे काढ गं."

"पण आई, शी नीड्स देम."

"अगं, इंग्लंडहून पाहुणे येणार. बॉनेट उघडून बघणार. आत काय दिसेल? धोब्याची दोरी! आधीच ते हसायला टपलेले."

"पण गरम झालं तर?"

"उद्या ढग आहेत. मी फोरकास्ट बघितलंय. आणि रेसमध्ये गाडी एकदाच सुरू करायची, मधे बंद करायची नाही. काढ, काढ."

मैत्रीनं चिमटे काढले. ते ठेवायला जागा शोधत होती तेवढ्यात बाबा चिवड्याची मोठी पिशवी घेऊन आले. तिचं तोंड नीट बंद होत नव्हतं. बाबांनी तोंड दुमडलं, तिच्या हातातले चिमटे घेतले आणि एकेक करून लावून टाकले. "वा! हवाबंद!"

शनिवारी पहाटे मावशीला ट्रेलरवर चढवून ते डोंगर ओलांडून वेस्ट व्हर्जिनियातल्या ट्रॅकवर गेले. आकाशात ढगाचं एक पिल्लूसुद्धा नव्हतं.

मिस्टर हॅलिवेल सत्तरी ओलांडलेले, उंच, हातात काठी, डोक्यावर गवताची टोपी. ते मावशीभोवती एक चक्कर मारून आले. वाकून टायर बघितले. मग म्हणाले, "उघडता का?"

आईनं बॉनेट उघडलं. मैत्री श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते बराच वेळ आत बघत राहिले. ओठ आवळले. मग म्हणाले, "फार स्वच्छ आहे."

"थँक यू!" आई खूश.

"शोरूममध्ये ठेवल्यासारखी," ते म्हणाले. "ही खरंच पळते ना?"

आईचं हसू थोडं मावळलं. "पळते तर! बघालच तुम्ही."

"बघतो," असं म्हणून ते काठी टेकत निघून गेले. मैत्रीला कळेना. स्वच्छ असणं वाईट असतं का? त्या चेहऱ्यावर जे होतं ते आनंदाचं नव्हतं एवढं मात्र तिला कळलं. दिवाळीला मोठा खोका उघडावा आणि आत शाळेचे मोजे निघावेत तसा तो चेहरा होता.

दुपारी सराव फेऱ्या झाल्या. त्यानंतर शर्यतीसाठी सगळ्या गाड्या रांगेत येऊन उभ्या राहायच्या. सुरू व्हायच्या आधीची ही रांग. इथे घरच्या माणसांना गाडीजवळ थांबता येतं, एक मिनिटाची पाटी दाखवली की मात्र सगळ्यांनी बाजूला व्हायचं. आई हेल्मेट घालून पट्ट्यांनी सीटला घट्ट बांधलेली. बाबा छत्री धरून खिडकीशी. मैत्री मावशीच्या नाकापाशी.

तेवढ्यात भोंग्यावर घोषणा झाली. ट्रॅकवर कुणाच्या तरी गाडीतून तेल सांडलंय, साफ करेपर्यंत सगळ्यांनी इंजिनं बंद करा.

इंजिनं बंद झाली. एकदम शांतता. नुसता डांबरावरून उठणारा उन्हाचा थरथराट.

मैत्रीनं खिडकीतून आत बघितलं. हेल्मेटमधून आईचे फक्त डोळे दिसत होते. आणि ते डोळे तिच्याकडेच बघत होते. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती.

"कदाचित होईल सुरू," आई म्हणाली.

पुढच्या रांगेतून परीक्षित आला, हातात बर्फाचा गोळा. "हाय मैत्री! फ्रीजला घाम आलाय का?"

"गो अवे, परीक्षित."

भोंगा परत वाजला. ट्रॅक साफ झालाय. इंजिनं सुरू करा! पाच मिनिटांची पाटी वर गेली.

फट्! फर्रर्र! टर्रर्र! एकामागून एक छोट्या गाड्या जाग्या झाल्या. शंतनूकाकांची लाल गाडी शिवणयंत्रासारखी चालू झाली. आईनं किल्ली फिरवली.

खँव खँव खँव खँव.

काही नाही.

परत फिरवली. खँव खँव खँव. आवाज मोठा, पण नुसताच आवाज. शेजारच्या गाडीचा मालक मान हलवून हसला. कुंपणापलीकडे कुणीतरी ओरडलं, "आता ढकला तिला!" आणि बरेच जण हसले. रांगेच्या टोकाला, सावलीत, मिस्टर हॅलिवेल काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते हसत नव्हते. त्यांनी घड्याळात बघितलं.

"आई, सेल्फ मारू नको! बॅटरी जाईल!" मैत्री ओरडली आणि बाबांचा हात धरून खेचला. "बाबा, चिवडा कुठंय?"

"आत्ता भूक लागली तुला?"

"बाबा! चिवडा!"

"ट्रेलरपाशी. कूलरच्या वर..."

मैत्री पळाली. कशी पळाली म्हणून सांगू! दोन गाड्यांच्या मधून, टायरांच्या ढिगावरून उडी मारून, कणसं विकणाऱ्या माणसाच्या हातगाडीला वळसा घालून. ट्रेलरपाशी चिवड्याची पिशवी होती. तिनं तोंडावरचे चिमटे ओरबाडून काढले. पिशवी आडवी झाली, चिवडा गवतावर सांडला, तिनं वळूनही बघितलं नाही. कूलर उघडला. ताकाच्या बाटल्यांच्या खाली वितळलेल्या बर्फाचं पाणी. त्यात बुडवायला काय? बाबांचा नॅपकिन दांडीवर वाळत होता. तिनं तो पाण्यात कोंबला, थबथबलेला तसाच छातीशी धरला आणि परत पळाली. टी-शर्ट भिजला, बूट भिजले.

ती पोहोचली तेव्हा तीन मिनिटांची पाटी वर होती.

"बाबा, हुड उघडा! पिन ओढा, दोन्हीकडच्या!"

"कुठल्या पिन?"

"त्या! ओढा!"

बाबांनी पिना ओढल्या आणि ते जडशीळ बॉनेट दोन्ही हातांनी वर धरून उभे राहिले. आतून भट्टीसारखी झळ आली. मैत्रीनं एकदा श्वास घेतला. घाई करायची, पण हात कुठे न्यायचा नाही ते विसरायचं नाही, हे आईनं तिला शंभरदा सांगितलेलं. ती एका बाजूनं वाकली. नॅपकिन नळीवर टाकला. चुर्रर्र! वाफेचा ढग उठला. तिनं तो गुंडाळला, एक चिमटा, दुसरा, तिसरा, सगळे. उरलेलं पाणी पंपावर हळूहळू पिळलं.

"झालं का गं?" बाबांनी बॉनेटखालून विचारलं.

"वेट."

"लोक बघतायत."

"बघू देत. वेट!"

तिला वाटलं आत काहीतरी गुडगुडतंय. वाफेचं परत पेट्रोल होतंय असं ती मनात म्हणत राहिली. रांगेतल्या सगळ्या गाड्या गुरगुरत होत्या. पाटी धरणारा माणूस पुढची पाटी उचलायला वाकला.

"नाऊ, आई! एकदाच!"

खँव. खँव खँव. खँव...

आणि मग, मुलांनो, ढगांचा गडगडाट कुणी जमिनीखाली भरून ठेवला असेल आणि तो एकदम सुटला असेल, तसा आवाज झाला. मावशी गरजली! बॉनेटखाली उभ्या बाबांनी दचकून उडी मारली. शेजारचा हसणारा माणूस दोन पावलं मागे सरकला. परीक्षितचा बर्फाचा गोळा काडीवरून खाली पडला.

"हुड बंद करा, हुड!" मैत्री ओरडली. बाबांनी बॉनेट लावलं, पिना ठोकल्या, एक मिनिटाची पाटी वर गेली, आणि दोघंही कुंपणाकडे धावले. मिस्टर हॅलिवेल आता सावलीतून बाहेर येऊन उन्हात उभे होते.

शर्यत सुरू झाली. पहिल्या वळणावर व्हायचं तेच झालं. मावशी एका अंगावर कलली, टायर किंचाळले, आणि छोट्या गाड्या आतल्या बाजूनं सुळसुळ पुढे गेल्या. परीक्षित कुंपणावर चढून "गो डॅड!" ओरडत होता. दुसऱ्या वळणावर आणखी दोन गेल्या. मैत्रीनं तारेत बोटं घट्ट अडकवली.

मग आला लांब सरळ रस्ता.

मावशीनं एक खोल श्वास घेतल्यासारखं केलं, तिचं नाक वर उचललं गेलं, आणि ती निघाली. एक गाडी मागे. दुसरी मागे. तिसरी! जमीन थरथरत होती. कुंपणाला लागून उभ्या असलेल्या लोकांचे हात आपोआप वर गेले. थोड्या वेळापूर्वी "ढकला तिला" म्हणणारा माणूस आता टोपी फिरवत होता. पुढच्या वळणावर ती परत मागे पडली, पण तेवढी नाही. आई वळणं मोठी घेत होती, ब्रेक आधी लावत होती, तिच्या शेपटीला घसरू देऊन ओढून आणत होती. प्रत्येक फेरीत हेच. वळणावर लाल गाडी पुढे, सरळ रस्त्यावर निळी पुढे. लाल, निळी, लाल, निळी!

"हे काय चाललंय!" बाबा ओरडले. त्यांना रेसिंगमधलं काही कळत नव्हतं, पण हे कळत होतं.

शेवटच्या फेरीत शेवटचं वळण. लाल गाडी पुढे. मावशी तिच्या मागे, रुंद, घसरत, धूळ उडवत. आणि मग शेवटचा सरळ पट्टा. मैत्रीचा आवाज बसला होता, तरी ती ओरडली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी आल्या. लाल गाडीचं नाक अर्ध्या हातानं पुढे राहिलं. मावशी हरली.

आणि तरीही सगळ्या कुंपणावर टाळ्या वाजत होत्या. परीक्षितही वाजवत होता. मैत्रीनं बघितलं तेव्हा त्यानं हात पटकन खिशात घातले.

आई परत आली. हेल्मेट काढलं. केस चिकटलेले, चेहरा लालबुंद, डोळे लखलखत. मैत्री तिच्या कमरेला बिलगली. आणि आईला मैत्रीच्या डोक्यावरून दिसलं की मिस्टर हॅलिवेल काठी टेकत येतायत.

"मैत्री," आई कानात पुटपुटली, "पटकन! ते फडकं काढ! चिमटे काढ! ते उघडायला सांगतील!"

बाबाही म्हणाले, "हो, हो, मी त्यांना बोलण्यात गुंतवतो. सर, थोडं ताक घेणार?"

मैत्री मावशीच्या नाकापाशी गेली. तिनं पिना ओढल्या. तिला सकाळचा तो चेहरा आठवला. मग तिनं बॉनेट पूर्ण वर उचललं, दांडी लावली, आणि बाजूला झाली.

"मैत्री!" आईनं कपाळावर हात मारला.

आत बाबांचा नॅपकिन होता, अर्धा वाळलेला, तेलाचे डाग पडलेला. त्यावर चिमट्यांची रांग. दोन चिमट्यांना अजून चिवड्याची हळद लागलेली आणि एकाच्या फटीत एक शेंगदाणा.

मिस्टर हॅलिवेल वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. आईला वाटलं त्यांना ठसका लागलाय. ते हसत होते. पोट धरून हसत होते.

"कपड्यांचे चिमटे!" ते म्हणाले. "लहान असताना मी एका अमेरिकन गाडीवर बघितले होते. माझे वडील म्हणाले होते की हे जहाज पहिल्या वळणाला बुडेल. ते काही बुडालं नाही. शर्यत संपल्यावर मी कुंपणाखालून घुसून बघायला गेलो, आणि आत हेच! अगदी माझ्या आईच्या दोरीवरचे!" त्यांनी मैत्रीकडे बघितलं. "हे सकाळी का नव्हते?"

मैत्रीनं आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

"तुम्ही पाहुणे येणार होतात ना," मैत्री म्हणाली. "म्हणून आम्ही आवरून ठेवलं."

ते परत हसले, आणि या वेळी आईसुद्धा हसली.

"माझी नात तुझ्याएवढी आहे," ते म्हणाले. "आमच्या उत्सवात आल्यावर पहिलं विचारते, त्या मोठ्या गरजणाऱ्या गाड्या कुठे आहेत? मी तिला युरोपियन गाड्या दाखवत राहतो, ती ऐकत नाही. कुंपणावरची सगळी मुलं आता तशीच झालीत. मीच काय तो राहिलो होतो." त्यांनी मावशीच्या निळ्या पत्र्यावर हळूच थाप मारली. "आज तिला फोन करून सांगतो. सप्टेंबरात या. एकच अट आहे. काही आवरायचं नाही. चिमट्यांसकट आणायची."

बाबांच्या हातातली ताकाची बाटली तशीच राहिली. आईनं तोंडावर हात धरला. मैत्रीला ओरडायचं होतं, पण तिचा आवाज मघाशीच संपला होता, म्हणून ती नुसतीच उड्या मारत राहिली.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

टक टक टक टक. टक टक टक. टक.

शंतनूकाकांची लाल गाडी ट्रेलरपाशी उभी होती. ती ट्रेलरवर चढवायची होती, आणि शर्यतीत तापून निघालेली ती आता सुरूच होत नव्हती. शंतनूकाका घामाघूम. परीक्षित शेजारी उभा, कान लाल. लोक वळून बघायला लागले होते. कुणीतरी हसलंसुद्धा.

मैत्रीनं उड्या मारणं थांबवलं. तिनं मावशीच्या नळीवरचे दोन चिमटे काढले, शेंगदाणा अडकलेला तेवढा तसाच ठेवला. कूलरमधलं उरलेलं गार पाणी एका ताकाच्या रिकाम्या बाटलीत भरलं, बाबांच्या खांद्यावरचा दुसरा नॅपकिन ओढून घेतला आणि सरळ लाल गाडीकडे चालत गेली.

परीक्षितनं तिला येताना पाहिलं. "वी डोंट नीड..." तो म्हणाला, आणि थांबला.

मैत्रीनं एक चिमटा त्याच्या टी-शर्टच्या बाहीला लावला, गार बाटली त्याच्या हातात दिली आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, "फ्रीजमधून आणलंय."

मग ती गाडीच्या पाठीमागे गेली, गुडघ्यांवर बसली आणि इंजिनाचं झाकण उघडायला लागली.